खिडकीच्या उजेडात आजीचा फोटो काढायचाय, सोलापूरकर मदत करा

माळवदी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमची आजी येत्या मे महिन्यात सहस्रचंद्रदर्शनाला बसणार आहे. घर सोलापूरच्या बाळीवेशीत, बोळात आत, मातीच्या जाड भिंतींचं, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर). मी नोकरीला पुण्यात, पंधरा दिवसांनी गावी येतो. पत्रिकेवर आणि हॉलच्या दारातल्या फ्लेक्सवर घालायला आजीचा एक धड फोटो हवाय. पाच-सहा वर्षांपूर्वी एका स्टुडिओत काढून घेतला होता. त्यांनी आजीला इतकं गोरं केलं की कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदणच नाहीसं झालं. आजी फोटो हातात घेऊन म्हणाली, "ही कोण रे?" तेव्हापासून स्टुडिओचं नाव काढू देत नाही. म्हणून घरातच, फ्लॅश न मारता, खिडकीशी बसवून काढायचं ठरवलं.

कॅमेरा जुना डीएसएलआर, लेन्स ५० एमएम एफ/१.८. माजघराला एकच खिडकी, पश्चिमेला, बोळात उघडणारी. संध्याकाळचा सोनेरी उजेड चांगला असतो असं सगळीकडे वाचलेलं, म्हणून गेल्या रविवारी साडेपाचला बसवलं. सोनेरी कसला, समोर दोन मजली घर आडवं. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ६४०० वर गेला आणि फोटोभर रवा सांडला. ट्यूब लावून बघितली तर अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्याच. त्यात वर माळवदाला सानं (उजेडाचं भोक) आहे, त्यातून आंबाड्यावर उजेड आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे.

काय करू? आजी आणखी एकदा बसायला तयार आहे. दोनदा नाही.

गड्ड्याचा_पाळणा

संध्याकाळी साडेपाचला बाळीवेशीच्या बोळात ऊन शोधलालास होय बे? तिथं दुपारी बाराला पण सूर्य विचारून आत येतो.

लखलखाट

एवढा व्याप कशाला? दोन-अडीच हजारांत स्टँडसकट सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या पडद्याआडून मऊ उजेड देणारा दिवा, येतो. हवा तेव्हा, हवा तेवढा उजेड. खिडकीचं कौतुक ज्यांच्याकडे दिवे नव्हते त्यांनी करून ठेवलंय.

स्टुडिओवाले_नाना

लखलखाट, तुमचं चूक नाही. मी चाळीस वर्षं दिव्यांवरच पोट भरलंय. पण घरातलं म्हातारं माणूस चार फुटांवरच्या दिव्यासमोर बसलं की पहिल्या दोन मिनिटांत ताठतं, ते शेवटपर्यंत सैल होत नाही. खिडकीशी तर ती रोजच बसते. तिथं तिला वेगळं काही करावं लागत नाही.

आता माळवदी, तुमच्या खिडकीचं बघू. तुम्ही खिडकीची दिशा बघताय, तिच्यासमोर काय आहे ते बघा. पेठेतल्या घराच्या खिडकीतून आभाळ दिसतच नाही, दिसते समोरच्याची भिंत. म्हणजे तुमचा दिवा खिडकी नव्हे, ती भिंत. खिडकी पश्चिमेला म्हणजे समोरची भिंत पूर्वेकडे तोंड करून. तुमचं घर एकमजली, त्यामुळे सकाळी ऊन तुमच्या माळवदावरून जाऊन समोरच्या भिंतीवर पडत असणार. आधी वरच्या भागावर, मग चढत्या उन्हाबरोबर खाली खाली. आत्ता एप्रिलअखेर साडेनऊ ते अकरा ती भिंत उन्हानं भरलेली असेल आणि तुमच्या बाजूला पूर्ण सावली. दहा-बारा फुटी पांढरा पडदा कुणी लावून दिला तर नाही म्हणाल का? तो रोज सकाळी फुकट लागतोय आणि तुम्ही संध्याकाळी बसवताय.

बाकीचं पटापट सांगतो. आजीला खिडकीपासून दोन हातांवर बसवा. खिडकी चेहऱ्याच्या मानानं जितकी मोठी आणि जितकी जवळ, तितक्या सावल्या मऊ. तीच खिडकी दहा फुटांवर गेली की चेहऱ्याच्या लेखी ती एक छोटा दिवा होते आणि नाकाची सावली सुरीनं कापल्यासारखी पडते. शिवाय जवळ बसवलं की मागची भिंत आपोआप काळवंडते, कारण खिडकीपासून लांब जाताना उजेड फार झपाट्यानं उतरतो. मागचं कपाट, कॅलेंडर, गॅसची टाकी झाकत बसावं लागत नाही.

जुन्या घरातल्या खिडक्या बैठ्या असतात, जमिनीपासून हात-दीड हातावर. बांधणाऱ्यानं जमिनीवर बसणाऱ्या माणसाचा विचार केलेला. आजीला खुर्ची देऊ नका. पाटावर बसवा आणि तुम्हीही मांडी घाला. खुर्चीवर बसवलं तर उजेड हनुवटीखालून येतो आणि माणूस नाटकातलं भूत दिसतं.

सान्यावर फरशी किंवा पत्र्याचा तुकडा सरकवा. ट्यूब बंद. दोन रंगांचे दिवे एका चेहऱ्यावर कधी जमत नाहीत.

चित्रकलेचे_सर

नानांशी सहमत. दिशेबद्दल थोडं, कारण 'उत्तरेची खिडकी बघा' हा सल्ला सगळे डोळे मिटून देतात.

तो सल्ला युरोपातल्या चित्रकारांचा. तिकडे सूर्य दिवसातला बहुतेक वेळ दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतून ऊन न येता नुसतं आभाळ येतं आणि तासन् तास उजेड बदलत नाही. पण ॲमस्टरडॅम ५२ अक्षांशावर आणि सोलापूर १८ च्या आत. आपण कर्कवृत्ताच्या बरेच खाली आहोत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या जरा आधी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शाळेला सुट्टी असते म्हणून मी गल्लीतल्या पोरांना अंगणात पाण्याची बाटली उभी करून दाखवतो, सावली बुडातच नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. जूनमध्ये तर उगवल्यापासून मावळेपर्यंत उत्तरेच्याच बाजूला. म्हणजे पुस्तकातली ती स्थिर उत्तर खिडकी आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत घेते. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य जेमतेम ४९ अंश वर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट जमिनीवर उतरतं आणि उत्तरेची खिडकी पुस्तकासारखी वागते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत उत्तरेची खिडकी, बिनधास्त.

अवांतर: कापडगिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवतात का? त्या दात्यांची उभी बाजू काचेची आणि ती उत्तरेला. मागावर थेट ऊन न येता तुटलेला धागा दिसावा म्हणून. सोलापूरला हा उजेड नवा नाही.

एक सूचना. सावलीच्या बाजूला आजीच्या जवळ काळं घोंगडं टांगा. पांढऱ्या भिंतीवरून परत येणारा उजेड ते पिऊन टाकतं, सावलीचा गाल खोल जातो, सुरकुत्यांना आकार येतो. चेहरा असा वळवा की सावलीच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण राहील. रेम्ब्रांटच्या चित्रांवरून त्या पद्धतीला त्याचंच नाव पडलंय. सांगोला-मंगळवेढ्याकडचं खरं घोंगडं घरात असेल तर स्टुडिओतलं कुठलंही सामान त्याच्यापुढे फिकं.

विणकरकन्या

छान चर्चा. आमचे चार माग आहेत, पूर्व भागात. टॉवेल आणि साड्या ऑनलाइन विकायला त्यांचे फोटो मीच काढते, सगळे खिडकीशी. माणसांचे फार काढले नाहीत पण रंगाचा मार भरपूर खाल्लाय, म्हणून विचारते: माळवदी, समोरच्या भिंतीचा रंग कुठला? पहिल्या वर्षी माझे सगळे पांढरे टॉवेल गुलाबी आले होते. गिऱ्हाईक म्हणालं, आम्ही पांढरे मागवले होते. शेजाऱ्यांनी दिवाळीला घर गुलाबी केलेलं, बाकी काही नाही.

नाना ज्या भिंतीला दिवा म्हणतात, त्या दिव्याला तिच्या रंगाचा कागद लावलेला असतो.

माळवदी

ताई, पोपटी. चकचकीत पोपटी, ऑइलपेंट.

गड्ड्याचा_पाळणा

संपलं. आजी हिरवी, गोंदण पण हिरवं.

विणकरकन्या

हसू नका हो. सगळा चेहरा सारखाच हिरवट असेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढून नंतर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, बदलता येतो. आजीच्या हातात एक पांढरा कागद देऊन पहिला फोटो घ्या, मग त्यावरून बाकीचे दुरुस्त करा. अडचण तेव्हा होते जेव्हा एका गालावर पोपटी भिंत आणि दुसऱ्या गालावर घरातली पिवळी भिंत. ते नंतर सुटत नाही.

त्यापेक्षा शेजारच्यांना विचारून त्या भिंतीवर पांढरं कापड टांगा. दोन चादरी बास. पण कोरं मांजरपाट नको, त्याला पिवळट झाक असते. खूप नीळ घातलेलं कापडही नको, चेहरा थंड पडतो. जुनं, धुऊन मऊ झालेलं धोतर सगळ्यात उत्तम. खिडकीला मच्छरदाणीची जाळी असेल तर काढा, उजेड बराच खाते. आणि गज असतील तर... नाना, गजांचं काय करायचं?

स्टुडिओवाले_नाना

भिंतीवरून येणाऱ्या उजेडात गजांची सावली पडत नाही, पसरून विरून जाते. ऊन थेट आलं तरच चेहऱ्यावर तुरुंग. तसं झालं तर खिडकीला ट्रेसिंग पेपर नाहीतर मलमल लावायची. यांच्या बोळात गरज पडणार नाही.

पोपटी भिंतीचं मी विचारलंच नव्हतं. चाळीस वर्षांचा अनुभव आणि हा प्रश्न सुचला टॉवेलवालीला. मानलं.

माळवदी

काल गावी गेलो. सांगितलं तसं केलं. समोरच्या काकूंनी चादरी लावू दिल्या, मात्र "किती वेळ?" असं तीनदा विचारलं. सकाळी दहाला माजघरात पाय ठेवला आणि खरं सांगतो, मी या घरात वाढलो पण ती खोली अशी कधी बघितली नव्हती. ट्यूबशिवाय सगळं स्पष्ट, आणि तरी ऊन कुठेच नाही.

आयएसओ ८००, एफ/४, १/१२५. सरांच्या सांगण्याप्रमाणे घोंगडं टांगलं, गालावर तो त्रिकोण आणला. फोटो बघून मी खूश. लॅपटॉपवर आजीला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अर्धं तोंड कुठं गेलं? गिराण लागल्यावानी." आई म्हणाली, फ्लेक्सवर असा लावला तर लोक विचारतील, कार्यक्रम आनंदाचा आहे ना?

आणि एक. आजी हळूच म्हणाली, "हाराचा काढलालास का?" मला आधी कळलंच नाही. नंतर आईने सांगितलं, भिंतीवर हार घालायला लावतात तो.

आता? पुढच्या रविवारी आणखी एकदा बसेन म्हणते, पण घोंगडं बघितलं की उठणार.

चित्रकलेचे_सर

आजींचा मान राखून सांगतो, फोटो उत्तम असणार. सावलीशिवाय चेहऱ्याला घडण नाही. दोन्ही गाल सारखेच उजळ हवे असतील तर आधार कार्डावर आहेच की फोटो.

स्टुडिओवाले_नाना

सर, तुमचा त्रिकोण मला आवडतो. माझ्या भिंतीवर तसे चार लावलेत. त्यातला एकही गिऱ्हाइकानं नेलेला नाही, म्हणून तर माझ्या भिंतीवर आहेत.

वडिलांच्या काळात काउंटरवर पहिला प्रश्न एकच असायचा: दोन्ही कान दिसतील ना? आम्ही हसायचो. पण तुम्ही आईवडिलांचे जुने फोटो काढून बघा, समोरून, उजेड सारखा, दोन्ही कान, दोन्ही हात मांडीवर. वर्षा-दोन वर्षांत एकदा फोटो निघायचा. त्यात अर्धं तोंड अंधारात घालवायला कोण तयार होईल? ती आवड अडाणीपणाची नाही, सगळं माणूस एका फोटोत यावं याची आहे. रिटचिंगला निगेटिव्हवर पेन्सिल चालवणारे आम्हीच होतो, तेव्हा गोरं करण्याचं पाप आमच्याही खात्यात आहे. पण सावली हलकी करणं आणि माणूस पुसणं यात फरक आहे.

माळवदी, घोंगडं काढा. त्याच जागी पांढरा टॉवेल धरायला कुणाला तरी उभं करा, सावलीच्या गालापासून दीड-दोन फुटांवर. जवळ आणला की गाल उजळतो, मागे नेला की बुडतो. दोन्ही गाल सारखे करू नका. खिडकीकडचा उजळ, दुसरा त्याच्यापेक्षा थोडा कमी, पण कानापर्यंत सगळं दिसेल इतका. आजीचा चेहरा खिडकीकडे अजून थोडा वळवा आणि तुम्ही खिडकीच्या कडेला, भिंतीला पाठ लावून बसा. उजेड समोरून आला की सुरकुत्या ओरडत नाहीत, आणि डोळ्यांत खिडकीचा छोटा चौकोन चमकतो. तो चौकोन नसेल तर नजर मेलेली वाटते. तो दिसेपर्यंत बटण दाबू नका.

सान्यावरची फरशी चार बोटं सरकवून बघा. पांढऱ्या केसांवर वरून किंचित उजेड आला तर डोकं मागच्या काळोखातून सुटं होतं. जास्त झाला तर लगेच बंद, पांढरे केस पटकन जळतात.

चित्रकलेचे_सर

टॉवेल मान्य. त्रिकोण सोडतोय, मन मारून.

सायलेंट_मोड

मध्येच विचारते, माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. जमेल का?

विणकरकन्या

जमेल. कॅमेरा सेटिंगमधला ब्युटीचा जो काही प्रकार असेल तो आधी बंद. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस अडकवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. फोन चेहरे गरजेपेक्षा उजळ करतात, सावळ्या माणसांचे तर जास्तच. खूप जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं. चार पावलं मागे जा आणि दोनपट झूमच्या (2x) लेन्सवर काढा.

लखलखाट

मी अजून सॉफ्टबॉक्सच्याच बाजूने आहे, पण टॉवेल धरून कोण उभं राहिलं ते कळवा.

माळवदी

झालं. उशीर झाला लिहायला, पत्रिका छापायच्या गडबडीत होतो.

टॉवेल बहिणीने धरला. सोलापुरी टेरी टॉवेल, पांढरा, काठाला निळी पट्टी. पहिल्या चार फोटोंत हनुवटीवर निळसर डाग का येतोय कळेना, मग काठ दुमडला. दोघांनीही विणकरकन्याताईंची आठवण काढली.

चष्म्याने दमवलं. चादरीचा पांढरा पट्टाच्या पट्टा काचेत दिसायचा. शेवटी चष्म्याच्या काड्या कानावर किंचित वर उचलून ठेवल्या, काचा खाली कलल्या आणि पट्टा गेला. ही युक्ती नानांनी फोनवर सांगितली, इथे लिहायला विसरले होते.

ऊन म्हणाल तर दहालाच अंग भाजत होतं. पंखा लावला की पदर उडतो, बंद केला की आजीला घाम. एका दमात दहा मिनिटं, मग पंखा, ताक, परत दहा मिनिटं. असे तीन वेळा. तिसऱ्या खेपेला मी तिला वाती वळायला दिल्या, कारण हात कुठे ठेवू म्हणून ती सारखी पदर ओढत होती. कापूस हातात आला आणि ती आम्हाला विसरली. समोरच्या काकू खिडकीशी येऊन म्हणाल्या, "झालं का गं, चादरी काढू का?" आजीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. तोच फोटो. डोळ्यांत चौकोन आहे, गोंदण आहे, दोन्ही कान आहेत. एका कानाची कुडी जरा उन्हाळली आहे, सान्याच्या फरशीमुळे, पण राहू दिली.

आजीने बघितला. "काकूला काय बोलणार होते ते राहूनच गेलं," एवढंच म्हणाली. हाराचं विचारलं नाही.

काल फ्लेक्सच्या दुकानात फाइल दिली. मुलगा फोटो उघडून सहज म्हणाला, "चेहरा उजळ करून देऊ ना?" आणि माझं उत्तर यायच्या आत त्याचा माउस तिथे पोहोचला होता. खुर्ची ओढून शेजारी बसलो, प्रिंट बाहेर येईपर्यंत उठलो नाही.

स्टुडिओवाले_नाना

बरं केलंत. पत्रिकेचा कागद चकचकीत घेऊ नका, मॅटवर गोंदण नीट दिसेल.

गड्ड्याचा_पाळणा

ते सगळं ठीक हाय. जेवण कुठल्या हॉलला ते सांग बे.